गारोल मेंढीचें देशांतर

मेंढरांचा इतिहास लिहावयाचा तर साधनें कोणतीं, असा प्रश्न कोणीही संशोधक प्रथम विचारील, आणि तो रास्त आहे. मेंढीला सनद नसते, वतन नसतें, तिच्या नांवें महजर होत नाहीं. तिची जी नोंद होते ती दुसऱ्या कोणाच्या हिशेबांत, कराच्या यादींत किंवा जहाजाच्या मालांत, बाजूला कोठें तरी. अशाच एका बाजूच्या नोंदीवरून बंगालच्या एका लहानशा मेंढीचा दोनशें वर्षांचा प्रवास कसा उलगडला, व त्या प्रवासाचा शेवट आपल्या फलटणास कसा झाला, हें या लेखांत सांगावयाचें आहे. विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस थोडा अपरिचित वाटेल. परंतु त्यांतील पुराव्याची छाननी ज्या रीतीनें झाली ती रीत पोथ्यांचे संग्राहक व संपादक यांच्या रोजच्या परिचयाची आहे. म्हणूनच तो येथें मांडण्याचें धाडस करीत आहें.

संस्कृत वाङ्मयांत मेंढी फार जुनी आहे. ऋग्वेदांत गांधारदेशच्या मेंढीच्या लोकरीचा निर्देश आहे, परुष्णीकडील लोकरीचा आहे, आणि सिंधूस तर लोकरीनें संपन्न असें विशेषणच लाविलें आहे. अमरसिंहानें वैश्यवर्गांत मेष, उरभ्र, उरण, ऊर्णायु, वृष्णि, एडक असे पर्याय एकापुढें एक दिले आहेत. त्यांतील शेवटचा शब्द 'एडका' या रूपानें आपल्या खेड्यांत आजही चालतो. पण शब्दांच्या या समृद्धींत मेंढ्या पाळणाराच्या उपयोगाचें फार थोडें. तें सांपडतें कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत. दुसऱ्या अधिकरणांतील गोऽध्यक्षाच्या अध्यायांत शेळ्यामेंढ्यांची लोकर सहा महिन्यांनीं घ्यावी असें सांगितलें आहे, आणि अध्यायाच्या अखेरीस कोणत्या कळपांत नर किती ठेवावे याचें प्रमाण दिलें आहे: शंभर शेळ्यामेंढ्यांत दहा, शंभर गाई, म्हशी किंवा उंट यांत चार. दहा हा आंकडा आजच्या मानानें बराच मोठा आहे. हल्लीं पंचवीस-तीस मेंढ्यांस एक एडका पुरे समजतात. सहा महिन्यांच्या कातरणीचा नियम मात्र अद्याप मोडलेला नाहीं. दख्खनचा धनगर वर्षांतून दोनदांच मेंढी कातरतो, आणि त्यानें कौटिल्याचें नांवही ऐकलेलें नसतें. १९०५ साली तंजावरकडील एका पंडितानें ही पोथी म्हैसूरच्या ग्रंथालयास आणून दिली नसती व शामशास्त्र्यांनीं ती १९०९ साली छापली नसती, तर प्राचीन राज्यांतील पशुपालनाविषयींची एवढी नेमकी माहिती आपणांस मिळाली नसती. तथापि नर किती ठेवावे हें सांगणाऱ्या या शास्त्रकारानें मेंढी एका वेतास किती कोंकरें देते तें सांगितलें नाहीं. प्रस्तुत लेखाचा सारा विषय त्या एकाच प्रश्नाभोंवतीं आहे.

दख्खनची मेंढी बहुधा काळी, चालण्यास काटक, खरबरीत लोकरीची. तिच्या लोकरीचें घोंगडें होतें. सनगर व खुटेकर तें विणतात व चिंचोक्याची खळ देऊन ताठ करतात. पाटलाच्या हक्कांच्या जुन्या याद्यांत धनगराकडून यावयाच्या घोंगडीचा उल्लेख आढळतो, त्यामुळें दप्तरें चाळणारास ही लोकर ओळखीची असते. परंतु धनगराचा चरितार्थ केवळ लोकरीवर कधींच नव्हता. दिवाळीनंतर वाडे बाहेर पडतात. कांहीं कोंकणांत उतरतात, कांहीं देशावरच दूर दूर फिरतात, आणि पाऊस जवळ आला कीं परततात. वाटेंत शेतकरी आपल्या रानांत मेंढ्या बसवून घेतो. रात्रभर बसलेल्या मेंढरांच्या लेंड्यांनीं व मुतानें जमिनीस जो कस येतो, त्याबद्दल धनगरास धान्य मिळतें, अलीकडे पैसेही मिळतात. हें एक साधन. दुसरें व मोठें साधन म्हणजे कोंकरांची विक्री. आतां दख्खनी मेंढी एका वेतास एकच कोंकरूं देते, जुळें क्वचित्. शेळीचें तसें नाहीं. उस्मानाबादी शेळीस जुळें झालें म्हणून कोणी नवल करीत नाहीं. मेंढीला जुळें झालें तर मात्र वाड्यांत बोलणें होतें.

या बाबतींत आपलीं साधनें किती मुकीं आहेत याचें एक उदाहरण पुरे. सुभेदार मल्हारराव होळकर यांचें मूळ गांव नीरेकांठचें होळ. बाळपणीं ते मेंढरें राखीत असतां ऊन लागूं नये म्हणून नागानें डोक्यावर फणा धरिल्याची कथा सर्वांस माहीत आहे. फणा सांगणारे पुष्कळ झाले. ज्या मेंढरांमागें तें पोर फिरत होतें तीं किती होतीं, हें कोणी सांगितलें नाहीं.

इंग्रजी अमलांत मेंढीची सुधारणा म्हणजे लोकरीची सुधारणा असाच अर्थ होता. विलायतेंतील गिरण्यांस बारीक लोकर हवी होती, म्हणून १८३० नंतरच्या दशकांत मुंबई सरकारनें दख्खनांत परदेशी एडके आणवून प्रयोग केले. ते टिकले नाहींत. स्वराज्य आल्यावरही पुष्कळ काळ दृष्टि तीच राहिली. १९६२ साली राजस्थानांत मालपुऱ्याजवळ अविकानगर येथें मध्यवर्ती मेंढी व लोकर संशोधन संस्था निघाली, आणि महाराष्ट्रांतही मेरिनो व राम्बुये एडक्यांचा दख्खनी मेंढ्यांशीं संकर करण्यांत आला. लोकर मऊ झाली, यांत संशय नाहीं. पण संकराचीं जनावरें वाड्याबरोबर शेंकडों मैल चालण्यास, उन्हास व तोकड्या चाऱ्यास मूळच्या मेंढीइतकीं पुरीं पडेनात. शिवाय घोंगड्यास काळी लोकर लागते, पांढरी नव्हे, ही साधी गोष्टही फारशी कोणी ध्यानांत घेतली नाहीं. पुढें घोंगड्यासच गिऱ्हाईक कमी झालें. हल्लीं पुष्कळ ठिकाणीं कातरणीची मजुरीही लोकरींतून सुटत नाहीं. ज्या एका गुणाकरितां दीडशें वर्षें खटपट केली त्याची किंमत अशी उतरली. एक कोंकरूं अधिक मिळालें असतें तर धनगराचें खरें काम झालें असतें. तें देणारी मेंढी हिंदुस्थानांतच होती. पण तिची पारख झाली समुद्रापार, आणि तीही प्रथम निराळ्याच नांवाखालीं.

इंग्रजांनीं १७८८ च्या जानेवारींत न्यू साउथ वेल्स येथें कैद्यांची वसाहत घातली. बरोबर नेलेली मेंढरें बहुतेक मेलीं, धान्य संपत आलें. तेव्हां गव्हर्नर फिलिप यानें 'अटलांटिक' नांवाचें जहाज कलकत्त्यास धाडिलें. १७९२ च्या जून महिन्यांत, म्हणजे शके १७१४ त, तें तांदूळ, डाळ वगैरे घेऊन पोर्ट जॅक्सन बंदरांत परत आलें. त्यावर थोडीं गुरें व थोड्या बंगाली शेळ्यामेंढ्याही होत्या. वसाहतीचा न्यायाधिकारी डेव्हिड कॉलिन्स यानें कोणतें जहाज केव्हां आलें व त्यांतून काय उतरलें याच्या नोंदी ठेविल्या होत्या; त्याचा ग्रंथ १७९८ साली लंडनांत प्रसिद्ध झाला. कलकत्त्याकडील मेंढरें १७९३ सालींही तेथें गेलीं. १७९४ साली जॉन मॅकार्थर यानें कलकत्त्याहून आलेल्या साठ बंगाली मेंढ्या व कोंकरें विकत घेतलीं, आणि त्यांचा एका आयरिश एडक्याशीं संकर केला तेव्हां अंगावर केस व लोकर यांचें मिश्रण निघालें, असें त्यानेंच पुढें लिहून ठेविलें आहे. त्याचें सर्व लक्ष लोकरीकडे होतें. त्या मेंढ्या किती वितात हा त्याचा प्रश्न नव्हता.

त्याच १७९२ च्या जूनमध्यें महादजी शिंदे पुण्यास येऊन पोंचले होते. त्या महिन्यांत पुण्यास काय घडलें, कोण कोणास भेटलें, वस्त्रें कशीं दिलीं, मेजवान्या कोठें झाल्या, याचे कागद आपण गेलीं शंभर-सवाशें वर्षें छापीत आहों, व तें योग्यच आहे. मी केवळ तारखांचा मेळ दाखवीत आहें. या दोन घटनांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं.

ज्यांच्या लोकरीवर ऑस्ट्रेलिया पुढें श्रीमंत झाला त्या मेरिनो मेंढ्या तेथें १७९७ साली उतरल्या. मुळच्या स्पेनच्या, त्या दक्षिण आफ्रिकेच्या टोंकाकडील कर्नल गॉर्डन याच्या कळपांतून त्याच्या विधवेकडून घेतलेल्या होत्या. अर्थात् मेरिनो एडके येण्यापूर्वीं वसाहतींत ज्या मेंढ्या होत्या त्यांत बंगालच्या पुष्कळ होत्या, आणि आरंभीचे कळप त्यांच्याच पोटीं वाढले. पुढें मेरिनोचें रक्त पिढ्यान्‌पिढ्या भरलें गेलें. शरीर मोठें झालें, लोकर पांढरी व बारीक झाली, आणि बंगाली मेंढी तेथून नाहींशी झाली असें सर्वांनीं धरून चालावें इतकी ती दिसेनाशी झाली.

यानंतर सुमारें दीड शतक कांहीं बोलण्यासारखें नाहीं. न्यू साउथ वेल्समध्यें कूमा गांवाजवळ 'बुरूला' नांवाची एक मेंढ्यांची वाडी होती. तिचे मालक सीअर्स बंधु हे व्यवहारी मेंढपाळ. आपल्या कळपांत जुळीं, तिळीं व क्वचित् त्याहून अधिक कोंकरें होतात हें ध्यानीं येऊन त्यांनीं तशाच मेंढ्यांची पैदास राखून ठेविली. १९५८ साली त्यांनीं एका वेताच्या पांच कोंकरांतील एक एडका ऑस्ट्रेलियाच्या सरकारी विज्ञानसंस्थेस दिला. तेथें हेलन न्यूटन टर्नर नांवाची बाई होती. तिचें मूळ शिक्षण स्थापत्याचें. ती संस्थेंत चिटणीस म्हणून लागली आणि स्वकर्तृत्वानें मेंढ्यांच्या आनुवंशिकतेवरील मोठी अधिकारी झाली. मेरिनो मेंढी सामान्यतः एकच कोंकरूं देते. मग या कळपांत हा गुण आला कोठून, हा प्रश्न तिला पडला. त्याचें उत्तर तिनें गोठ्यांत शोधिलें तसें कागदांतही शोधिलें. जुन्या कळपांचे वंश, विक्रीच्या नोंदी, वसाहतीच्या आरंभींच्या काळांतील जहाजें हें सर्व चाळून तिनें १७९२ व १७९३ साली आलेल्या बंगाली मेंढ्यांकडे बोट दाखविलें.

येथें आपल्यापैकीं कोणीही आक्षेप घेईल, व घेतलाच पाहिजे. १७९३ पासून १९५८ पर्यंत एकशें पांसष्ट वर्षें. मधल्या पिढ्यांची अखंड वंशावळ नाहीं. बंगाली मेंढी बहुप्रसव होती हें खरें, बुरूला कळप बहुप्रसव आहे हेंही खरें. पण सारखेपणावरून वंशैक्य सिद्ध होत नाहीं. दोन घराण्यांचें आडनांव एक म्हणून मूळपुरुष एक मानण्याचा प्रकार आपल्याकडे पुष्कळ झाला आहे व त्यानें पुष्कळ नुकसानही झालें आहे. टर्नरबाईंचें अनुमान त्या वेळीं संभाव्य या कोटींतलेंच होतें, आणि कागद तेथें संपले होते.

पुढचा पुरावा रक्तांतून आला. १९८० नंतर असें दिसून आलें कीं बुरूलाचा हा गुण अनेक लहान कारणांचा मेळ नसून एकाच जनुकाचें काम आहे. त्यास 'फेक-बी' असें नांव मिळालें. २००१ साली तीन स्वतंत्र संशोधकगटांनीं तें जनुक व त्यांतील दोष नेमका दाखविला. जनुक म्हणजे चार अक्षरांच्या वर्णमालेंत लिहिलेला एक लांब लेख होय. या लेखांत ७४६ व्या स्थानीं 'ए' असावयाचा तेथें 'जी' पडला आहे, व त्यामुळें त्यापासून बनणाऱ्या द्रव्यांत २४९ व्या जागीं ग्लुटामिनऐवजीं आर्जिनिन येतें. एवढ्या एका अक्षराच्या फेरानें मेंढीच्या ठायीं एका ऋतूंत एकाऐवजीं दोन किंवा अधिक अंडीं पक्व होतात.

पोथ्यांचा व्यासंग असलेल्या वाचकास आतां पुढचें सांगण्याची गरज नाहीं. भांडारकर संस्थेच्या महाभारताचें आदिपर्व १९३३ साली पुरें झालें. त्याच्या उपोद्घातांत डॉ. सुकथनकरांनीं पोथ्यांच्या वंशवृक्षाची जी चर्चा केली तिच्या मुळाशीं असलेलें तत्त्व येथें लागू पडतें. दोन पोथ्यांत शुद्ध पाठ समान असला तर त्यावरून फारसें ठरत नाहीं, कारण शुद्ध पाठ सर्वांपाशींच असूं शकतो. दोन दूरच्या पोथ्यांत एकच विचित्र चूक एकाच जागीं असली तर मात्र त्यांची मातृका एक असण्याचा संभव बळकट होतो. २००२ साली न्यूझीलंडच्या संशोधकांनीं आठ देशांतील बहुप्रसव मेंढ्यांचें रक्त तपासलें. बुरूलांतील तोच अक्षरफेर त्यांना दोन ठिकाणीं मिळाला. एक बंगालच्या सुंदरबनांतील गारोल मेंढी, दुसरी जावा बेटांतील. युरोपांतील ज्या जाती जुळ्या-तिळ्या कोंकरांबद्दल प्रसिद्ध आहेत, त्यांत तो नव्हता. त्यांच्या बहुप्रसवाचें कारण निराळें. टर्नरबाईंनीं कलकत्त्याच्या जहाजांकडे दाखविलेलें बोट बरोबर होतें.

अधिक उत्साही लेखक या ठिकाणीं जावा बेटाकडे वळेल. पुढें चीनमधील कांहीं जातींतही हाच फेर आढळला, त्यामुळें मोह वाढतो. पांचव्या शतकाच्या आरंभीं फाहियान ताम्रलिप्तीस जहाजांत बसला, सिंहलद्वीपास गेला, व परततांना यवद्वीपास लागला. त्याच मार्गानें कोणा व्यापाऱ्याच्या शिधासामुग्रीबरोबर बंगालची मेंढीही गेली असेल, असें लिहावयास कोणतीच अडचण नाहीं, फक्त पुरावा नाहीं. रक्ताची तपासणी नातें सांगते; वाट सांगत नाहीं, आणि कोण कोणाकडून आलें हेंही एवढ्यावरून सांगत नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या बाबतींत वाट सांगतां आली ती कॉलिन्ससारख्यांनीं माल उतरवितांना मेंढरेंही मोजलीं म्हणून.

आतां गारोलविषयीं. दक्षिण बंगालच्या खारट, दलदलीच्या मुलुखांत हें जनावर राहतें. गुडघाभर पाण्यांत उभें राहून चरणारी मेंढी आपल्याकडील धनगरास सांगितली तर तो हसेल, कारण ओलीनें मेंढीचे खूर कुजतात हें तो लहानपणापासून जाणतो. पूर्ण वाढलेल्या गारोलचें वजन दहा ते चौदा किलो, म्हणजे दख्खनी मेंढीच्या निम्म्याच्या आंतबाहेर. लोकर नांवापुरती. वजन व लोकर या दोन मापांनीं मोजणारास ती कुचकामाची वाटावी यांत आश्चर्य नाहीं, आणि १७९२ पासून पुढें बहुतेकांनीं तिला त्याच मापांनीं मोजिलें. गरीब कुटुंबाच्या दारांत, दोन-चारच्या संख्येनें, ती राहिली.

फलटणची निंबकर कृषि संशोधन संस्था १९६८ साली स्थापन झाली. तिचे संस्थापक बनबिहारी निंबकर व त्यांचे सहकारी डॉ. घळसासी यांनीं १९९३ साली या बंगाली मेंढीवर निबंध प्रसिद्ध केला, आणि त्या दशकांत गारोल मेंढ्या फलटणास आणल्या. म्हणजे जनुकाचा अक्षरफेर सांपडण्यापूर्वीं कित्येक वर्षें, टर्नरबाईंच्या ऐतिहासिक अनुमानावर विश्वास ठेवून हें काम सुरू झालें होतें. जुन्या जहाजांच्या नोंदींनीं विसाव्या शतकाच्या अखेरीस फलटणच्या माळावरील एका प्रयोगास दिशा दिली; इतिहासाच्या साधनांचा इतका रोकडा उपयोग मला तरी दुसरा ठाऊक नाहीं. पुढें हें काम डॉ. चंदा निंबकर यांनीं चालविलें. त्यांचें या शास्त्रांतील शिक्षण ऑस्ट्रेलियांत झालें, प्रयोगास ऑस्ट्रेलियाच्या सरकारी कृषिसंशोधन केंद्राचें साह्य मिळालें, आणि रक्ताची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्यानें झाली. 'युगान्त'कार इरावतीबाई कर्वे यांच्या त्या नात. महाराष्ट्राच्या लोकजीवनाचा व महाभारताचा अभ्यास करणाऱ्या आजीच्या नातीनें मेंढीच्या रक्तांतील पाठभेद हाताळावा, हा योग मला मोठा गंमतीचा वाटतो.

काम वाटतें तितकें सोपें नव्हतें. गारोल व दख्खनी यांचा नुसता संकर केला कीं पिलूं लहान चणीचें होतें, आणि लहान कोंकरूं बाजारांत कोण घेणार? म्हणून संकराची माल पुन्हां पुन्हां दख्खनीशीं व कर्नाटकांतील बन्नूर मेंढीशीं मिळवावयाची, म्हणजे शरीर दख्खनकडे येतें. पण दर पिढींत निम्म्या पिलांत तें अक्षर उतरतें, निम्म्यांत नाहीं, आणि बाहेरून पाहून कोणतें कोणाकडे आहे तें कळत नाहीं. रक्ताची चाचणी हातीं आल्यावर ही निवड जन्मतांच करतां येऊं लागली. यांतून जो वंश तयार झाला त्यास 'नारी सुवर्ण' असें नांव दिलें. त्या अक्षराची एक प्रत ज्या मेंढीस मिळाली ती दर वेतास सरासरीनें सुमारें अर्धें कोंकरूं अधिक देते. म्हणजे दहा मेंढ्यांपासून जेथें दहाच्या आसपास मिळत, तेथें पंधराच्या आसपास. बुरूला मेरिनोंत याहून मोठा फरक पडतो, व तिळीं-चौळीं होतात. आपल्या माळावर तीं जगवावयाचीं कशानें? दोनावर थांबणें हेंच येथें हिताचें.

तें दुसरें कोंकरूंही फुकट येत नाहीं. गाभण व दुभत्या मेंढीस अधिक चारा हवा, जुळ्यांस कांहीं दिवस वरचें दूध लागतें. ज्या वाड्यावर नुकतीं जन्मलेलीं पिलें तट्टाच्या पाठीवर बांधून मुक्काम हलवावे लागतात, तेथें एका ओझ्याचीं दोन झालीं तर धनगरीण प्रथम कपाळास हात लावील. जे मेंढपाळ एके ठिकाणीं राहतात, घरचा कडबा-मका घालूं शकतात, त्यांस हा वंश लाभतो. फिरस्त्या वाड्यांस तो कितपत मानवेल याविषयीं माझें मत अद्याप बनलेलें नाहीं. कोंकणची वाट दर वर्षीं अरुंद होत आहे. बसावयास रानें मिळतात तोंवर हा प्रश्न आहे, मग राहणार नाहीं.

अखेर एक कबुली द्यावयाची आहे. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं मी माण खोऱ्यांतील एका जुन्या घरीं कागद पाहण्यास गेलों होतों. घरधन्यानें माळ्यावरून दोन गाठोडीं काढलीं. एकांत सनदांच्या नकला व एक फाटका महजर होता. तो मीं उतरून घेतला. दुसऱ्यांत लांबट मोडी वह्या होत्या. चाळून पाहतों तों सर्व रानांत मेंढ्या बसविल्याचा हिशेब: शेताचें नांव, धनगराचें नांव, किती रात्री बसविल्या, किती पायल्या जोंधळे दिले. मेंढरांची गणती दोन रकान्यांत होती, मोठीं निराळीं व कोंकरें निराळीं, कारण कोंकराच्या लेंडीचे पैसे कोणी धरीत नाहीं. घरधन्यानें विचारलें, "गुरुजी, याचा कांहीं उपयोग?" मीं सांगितलें, इतिहासाच्या दृष्टीनें कांहीं नाहीं. माझें तेव्हां सर्व लक्ष तह, लढाया व वतनें यांकडे होतें, आणि कोंकरांच्या रकान्याकडे पाहून मला थोडें हसूंही आलें असेल.

फलटणच्या प्रयोगाविषयीं वाचल्यावर तो रकाना मला आठवला. मोठ्या मेंढ्या व कोंकरें यांची वर्षावर्षाची, महिन्यामहिन्याची गणती म्हणजे त्या काळची दख्खनी मेंढी किती वितें, दुष्काळाच्या सालीं किती कमी, कोणत्या महिन्यांत अधिक, याचा सरळ पुरावा. नवी मेंढी जुनीपेक्षां किती चांगली हें मोजावयाचें तर जुनीचें माप हवें, आणि तें माप त्या वह्यांत होतें. मी पुन्हां त्या गांवीं गेलों. घरधनी वारले होते. त्यांच्या सूनबाईंनीं चहा दिला व सांगितलें कीं, तीं गाठोडीं पावसानें भिजलीं होतीं, मग तीं पाणी तापवावयाच्या बंबांत घातलीं. महजर मात्र सांभाळून ठेविला आहे, असें म्हणून त्यांनीं तो मला दाखविला.

अशा वह्या तेवढ्या एकाच घरीं होत्या असें मानण्याचें कारण नाहीं. नीरा, माण व कऱ्हा या नद्यांच्या खोऱ्यांतील पाटील-कुळकर्ण्यांच्या, सावकारांच्या किंवा मोठ्या शेतकऱ्यांच्या दप्तरांत मेंढ्या बसविल्याचे हिशेब वाचकांपैकीं कोणाच्या पाहण्यांत आले असल्यास साल, महिना, मोठीं मेंढरें व कोंकरें या चार रकान्यांची नक्कल माझ्याकडे अवश्य पाठवावी. अक्षर लागत नसल्यास मोडी लावून देण्याचें काम मी करीन, टपालखर्च माझ्याकडे.